मोहोरवाल्या चाचांचं जहाज

मोहोरवाल्या चाचांचा सख्ख्या भावावरही काडीचा विश्वास नव्हता. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. आमचे चाचा माठातलं पाणीही फुंकून प्यायचे. अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा जो तो व्यापारी गाठींवर मारायला स्वतःचा शिक्का मागू लागला. मी कापसाचा दलाल, चाचांचा भिंतीला भिंत लागून शेजारी; तरी माझा शिक्का करताना त्यांनी मला साक्षीदार आणायला लावले. "खोटी मोहोर गळा कापते, भाऊ," म्हणाले. असा राग आला होता! पण तसा हात अख्ख्या वऱ्हाडात नव्हता. मोहोर उलटी कोरावी लागते, तेव्हा ती कागदावर सुलटी उमटते. चाचा गप्पा मारता मारता उलटं कोरत.

त्यांचा एकुलता एक मुलगा करीम कापसाच्या गाड्यांबरोबर मुंबईला गेला, तो परतलाच नाही. पुढं एका गाडीवानाबरोबर निरोप आला, की करीम विलायतेच्या जहाजावर लागला. सोबत त्या जहाजाचं छापील चित्र. चाचींनी ते दाराशेजारच्या भिंतीवर डकवलं. जहाजाचं तोंड दाराकडे, बाहेर.

चाचांनी चित्राला भिंग लावलं. शिडं पुढं फुगलेली, निशाण मात्र मागं फडकत होतं.

"वारा दोन्हीकडून वाहून राहिला काय?" ते म्हणाले. "कोरनाऱ्यानं जहाज पाह्यलंच नाई. माह्या पोट्ट्यानं तरी पाह्यलं काय? हा गाडीवान काईतरी लपवून राहिला."

त्या बिचाऱ्याला त्यांनी खोदून खोदून विचारून रडवलं. चाचींनी चाचांशी बोलणं टाकलं. पोरगा आहे की नाही, याच घोरात ते घर होतं.

कापसाचा भाव उतरला, चाचांचा ओटा ओस पडला. मग ते तांब्याच्या पत्र्यावर तेच जहाज कोरत बसले. शाई भरून ओला कागद दाबला, तेव्हा मी शेजारीच होतो. शिडं आणि निशाण एकाच वाऱ्यावर. कठड्याशी टोपी घातलेला एक पोरगा. पण जहाजाचं तोंड फिरलेलं.

"चाचा, चित्र होतं तसंच सरळ कोरलंत की हो."

त्यांनी तो कागद पहिल्या चित्राशेजारी डकवला. या जहाजाचं तोंड आत, चुलीकडे.

"फिरू दे," ते म्हणाले. "घराकडं येऊन राहिलं."

करीम आला नाही. चाचा गेले. चाची अजून त्या कागदाला कुणाला हात लावू देत नाहीत. लोक म्हणतात, म्हातारपणी हात चुकला. जन्मभर उलटं कोरलेला हात चुकून सरळ चालला म्हणे! मला नाही पटत. संशय घ्यायला मला चाचांनीच शिकवलंय.