तोहू म्हणा, पिठलं म्हणू नका

उभ्या सोलापुरात पिठल्याला पिठलं म्हणायला नकार देणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. गिरणीच्या चाळीत सगळे त्यांना रंगूनवाले म्हणत. ऐन जवानीत ते ब्रह्मदेशात, रंगूनच्या एका भाताच्या गिरणीत बॉयलरवर कामाला होते. बायको तिकडेच वारली, तेव्हा एक पत्र्याची पेटी, एक लहानगी लेक आणि एक पदार्थ एवढं घेऊन ते परत आले. पेटी गंजली, लेक मोठी झाली, पदार्थ मात्र होता तसाच राहिला. त्याचं नाव तोहू.

आता तोहू म्हणजे काय, तर हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात कालवायचं, फडक्यातून गाळायचं, हळद-मीठ घालून विस्तवावर घोटत राहायचं आणि घट्ट झालं की परातीत ओतून गार करायचं. मग त्याच्या विटेसारख्या वड्या पडतात. माझी शाळा दुसऱ्या बुकातच सुटली, पण पिठलं ओळखायला तेवढं पुष्कळ झालं. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "रंगूनवाले, हे शिळं पिठलं हाय." त्यांनी हातातलं उलथनं माझ्यावर रोखलं. "पिठल्याला फोडणी असती. ह्यात एक मोहरी दाखवा. हा तोहू हाय." मी म्हटलं, "तो हू? मग ती कुटं हाय?" यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोललो नाही, कारण माझं काही चुकलं नव्हतं.

स्वयंपाक ते उभ्यानं करत. ओट्यावर शेगडी चढवलेली, समोर कोबी, गाजर, गवार, कांद्याची पात असं सगळं चिरून ओळीनं मांडलेलं. चिरणं पुरं झाल्याशिवाय शेगडीला काडी लागायची नाही, आणि एकदा लागली की चाळीत बॉयलर पेटल्यासारखा गोंधळ. लेक पंख्यानं वारा घालायची आणि हे ओरडायचे, "प्रेशर पडलं! वारं घाल, वारं!" कढईतून धूर निघाला की करडईचं तेल, त्यात लसूण, आलं, मिरची, त्या ठसक्यानं अख्खी चाळ खोकायची, आणि खोकला कमी वाटला तर ते अजून एक मिरची टाकायचे. मग भाज्या पडायच्या त्या भराभर, उलथनं थांबायचं नाही. "भाजीला आच दाखवायची असती, शिक्षा न्हाय करायची," असं त्यांचं म्हणणं. गाजर दाताखाली कट् वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर ती कढईभर भाजी चाळीतल्या शेळ्यांना जायची. आमच्या शेळ्यांइतक्या गुबगुबीत शेळ्या पार सात रस्त्याच्या चौकापर्यंत कुणाच्या नव्हत्या. शेवटी तव्यावर परतलेल्या तोहूच्या वड्या, चिंचगुळाचं काळपट पाणी आणि वरून शेंगांची चटणी. ही चटणी रंगूनची नव्हे, आपली. ती त्यांना सुचली म्हणून एकदा मी त्यांना शाबासकीही दिली होती.

लेकीला बघायला दुधनीची मंडळी येणार ठरलं, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. चांगली सोयरीक होती आणि बिनआईच्या पोरीला अशी पुन्हा चालून येईल याची खात्री नव्हती. मी म्हटलं, "पुरणपोळी करू, आमची मंडळी करतील. तो पिवळा गोळा वाढू नका. आपल्यात मयताच्या घरी शेजारी पिठलं पोचवतात. पावणे पानावरनं उठतील की."

त्यांनी हातातल्या गवारीची शीर काढली. मग म्हणाले, "हिच्या आईनं तितल्या शेजारणीकडनं शिकलं हुतं. पोरीच्या सोयरिकीच्या ताटात आईचं काय तरी नको का?"

मी पान-सुपारी आणायला गेलो.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईबाप आणि बोळक्या तोंडाचे आजोबा. पानात पुरणपोळीशेजारी ती भाजी पडली आणि मुलाच्या आईचा हात जागीच थांबला. "ह्या पिठल्याच्या वड्या न्हवं? कोण मेलंय हितं?"

पोरगी वाढायचं भांडं घेऊन तशीच उभी. रंगूनवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. पण मी खोटं बोलत नाही. मी पाण्याचा तांब्या उचलला.

तेवढ्यात आजोबांचा आवाज आला, "इन्नष्टु हाक." कानडीत म्हणजे अजून वाढ. त्यांच्या पानातल्या वड्या संपल्या होत्या. गाजरं तेवढी त्यांनी नातवाच्या पानात सरकवली होती. "दात गेल्यापासनं अशी चवीची भाजी आजच खाल्ली. काय म्हणायचं गं ह्याला, बाळ?"

"तोहू," पोरगी हळूच म्हणाली.

"तोहू. झ्याक हाय की! सूनबाई, खावा मुकाट्यानं. ही पोरगी घरात आली तर मी लौकर मरत न्हाय."

"आता मामंजीच बोलले म्हंजे झालं," असं म्हणत बाईंनी घास घेतला. दुसरा त्यांनी कुणी न सांगता घेतला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

लेक दुधनीला गेली. रंगूनवाल्यांचा हात काही आखडला नाही. कढई पहिल्याएवढीच भरायची आणि निम्मी माझ्या दारात यायची. "तोहू आणलाय," ते म्हणायचे. "आणा ते पिठलं इकडं," मी म्हणायचो. भांडण तेवढंच, पण कित्येक वर्षं आम्ही ते मोडू दिलं नाही.

एका उन्हाळ्यात ते गेले. रीतीप्रमाणे त्या घरी पिठलं आमच्याकडून जायचं होतं. मंडळींनी केलंही, पण दुधनीहून पोरीची गाडी उशिरा आली आणि तोवर ते परातीत गार होऊन घट्ट बसलं. मंडळी पुन्हा चुलीवर ठेवायला निघाल्या. मी म्हटलं, "राहू द्या." सुरी घेतली, माझ्या हातानं वड्या पाडल्या आणि पलीकडे गेलो.

पोरगी ओट्याला टेकून बसली होती. शेगडीत राख होती.

"काय आणलं, काका?"

"तोहू," मी म्हणालो. "खा, बाळ."

तिनं एक वडी उचलली. वडीत चांगली ठसठशीत मोहरी दिसत होती. तिनं ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि वडी मोहरीसकट खाल्ली.