न पुसलेलं पान

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. ज्या वाटीसाठी ऑफिसात माझं कौतुक होतं, तिच्यामागची कल्पना माझी नाही.

बंगळुरूत, कोरमंगलात आमची छोटी प्रयोगशाळा आहे. प्लास्टिकचा थर न देता कागदी वाटीत गरम सांबार टिकवायचं होतं. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, म्हणून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि तसाच पृष्ठभाग वाटीला द्यायचा. पानावर बारीक उंचवटे दिसले, आम्ही ते कागदावर उठवले. तरी वाटी पाच मिनिटांत मऊ पडायची. आठ महिने हेच.

नमुने तयार करायला एक बाई होत्या. बनशंकरीच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्या मराठीत कन्नड शब्द यायचे. मी नागपूरचा, त्यावर हसायचो.

नमुना ठेवण्याआधी पान स्पिरिटने स्वच्छ पुसायचं, हा नियम माझाच. एका दुपारी अक्का म्हणाल्या, "सर, तुम्ही अळूवड्या करताय काय?"

"म्हणजे?"

"वडीला आम्ही पान पुसून घेतो, बेसन चिकटावं म्हणून. तुम्हाला तर काही चिकटायला नको. मग पुसता कशाला? स्वल्प थांबा."

त्यांनी परसातलं पान आणलंच होतं. ते न पुसता ठेवलं. प्रत्येक उंचवट्यावर मेणाची लव होती, अगदी दाट. आठ महिने मी तीच पुसून टाकत होतो, आणि मग टक्कल पडलेल्या पानाची नक्कल करत होतो.

सोमवारच्या बैठकीत मी म्हणालो, "माझ्या लक्षात आलं, आपण पान पुसतोय." अक्का दाराजवळच्या खुर्चीत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदांकडे. उंचवट्यांवर वनस्पतीच्या मेणाचा हलका फवारा दिला आणि वाटी टिकली. पेटंटच्या अर्जावर नाव माझं एकट्याचं गेलं. अक्का पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या.

आता आमच्या गल्लीतल्या हॉटेलात त्याच वाट्या असतात. लोक उभ्याउभ्या सांबार पितात, वाट्या ओल्या कचऱ्यात जातात, त्यांचं खत होतं. हे बघून बरं वाटतं, आणि लगेच दाराजवळची ती खुर्ची आठवते. शेवटी गेल्या आठवड्यात साहेबांना खरं सांगितलं. अर्ज अजून मंजूर व्हायचाय, नाव घालता येईल, फक्त अक्कांची सही लागेल, असं ते म्हणाले.

मी फोन केला. "अक्का, वाटीची कल्पना तुमची होती. मी ती माझी म्हणून सांगितली."

"ठाऊक आहे. मी तिथेच होते की. सरी, ठीक आहे, रविवारी या. चार वाट्या आणा. आधी गरम सारू, तुमचं सार हो, ओतून बघते, मग सही."

सही त्या करतील. पण त्या सोमवारी बैठकीत जे बसले होते, त्यांना एकेकाला गाठून ते वाक्य माझं नव्हतं हे मला अजून सांगायचं आहे.