शहाळ्याचं सरबत, आमच्या पातेल्यात

शहाळ्याचं सरबत माझ्या आईसारखं अख्ख्या मंगळवार पेठेत कुणी करत नव्हतं. हे मी लेक म्हणून बोलत नाही. तिची आमटी पाणचट असायची, हेही मीच सांगते. पण सरबतात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बाबा एसटीत कंडक्टर. नव्वदच्या दशकात बरीच वर्षं त्यांची ड्यूटी मालवणच्या गाडीवर होती, आणि उन्हाळ्यात परत येताना ते पोतंभर शहाळी घेऊन यायचे. आई शाळेत शिक्षिका, त्यामुळे मे महिन्यात घरीच. शहाळी ओल्या गोणपाटाखाली गार ठेवायची, फोडून पाणी गाळून घ्यायचं, लिंबं फरशीवर तळव्याखाली दाबून फिरवून मऊ करायची. मग रस, खडीसाखरेची पूड, चिमूटभर मीठ, आणि वरून कोवळ्या मलईचे बारीक तुकडे. बाहेरच्या पाण्याचा थेंब घालायचा नाही, हा तिचा नियम. सरबतात बर्फ टाकणाऱ्यांची तिला कीव यायची.

शेजारी दूधवाल्यांचं घर होतं. चार म्हशी, आणि रोज सकाळी दारात दुधासाठी रांग. घरातली काकी तोंडानं फटकळ, पण मनानं चांगली. मला गोवर आला तेव्हा तिनं रोज कडुलिंबाचा पाला आणून दिला होता. पण आम्ही बौद्ध, आणि सहा वर्षांच्या शेजारात तिनं आमच्या घरी पाण्याचा घोट घेतला नव्हता. दर वेळी एकच, "आत्ताच च्या पिऊन आलो की, बाई." आई तरी दर वेळी विचारायची. मला याचा भयंकर राग यायचा.

"कशाला विचारतेस सारखं?"

"विचारायचं काम माझं हाय. घ्यायचं का न्हाय, ते तिनं बघावं."

माझी दहावी झाली त्या उन्हाळ्यात काकीच्या लेकीची सुपारी फुटायची होती. पाव्हणे हुपरीचे, घरात चांदीचे पैंजण करणारे. लेक माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, तरी मैत्रीणच. आमच्याकडचं सरबत ती काकीला चोरून कितीदा तरी प्यालेली. पाव्हण्यांना तेच द्यायचं, असा तिनं हट्ट धरला.

आदल्या दिवशी काकी आली ती उंबऱ्यातच थांबली. मागोमाग शहाळ्यांचं पोतं आलं. तिच्या कमरेवर मोठं पितळी पातेलं होतं.

"बाई, शहाळी आमची, लिंबं आमची. भांडं बी आमचंच घ्या. मोठं हाय."

तेवढंच मोठं स्टीलचं पातेलं आमच्या फळीवर होतं, बाबांचं नाव घातलेलं. तिनं ते शंभरदा पाहिलं होतं. तिचं गणित मला लगेच कळलं. शहाळ्यातलं पाणी कुणाच्या माठातलं नसतं, भांडं त्यांचं, म्हणजे आमचा फक्त हात लागणार. मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "ठेवा."

मी त्या दिवशी आईशी धड बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पाव्हणे चारला येणार होते. आईनं दुपारी वीसेक शहाळी फोडली, पाणी पितळी पातेल्यात गाळलं, लिंबं पिळली आणि झाकण ठेवून साडी बदलायला गेली. पाऊण तासानं मीठ बघायला तिनं चमचा तोंडाला लावला आणि तिचा चेहरा उतरला. सरबत कळकलं होतं. पातेलं तिरकं करून बघितलं तर तळाची कल्हई उडालेली, पितळ उघडं पडलेलं. साधं ताकसुद्धा कल्हई बघितल्याशिवाय पितळेत न ओतणारी बाई, पण आज तिनं आत डोकावूनच पाहिलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की राग फक्त मलाच आला नव्हता.

"तसंच देऊन टाक," मी म्हटलं. "भांडं त्यांचंच हाय की."

"आणि हात कुणाचा हाय? पाव्हण्यांची पोटं बिघडली तर?"

तिनं सगळं सरबत मोरीत ओतलं. उरली होती पाच शहाळी. पण फोडलेल्या शहाळ्यांतली मलई अजून काढायची होती. ती सगळी खरवडून तिनं मला पाट्यावर वाटायला बसवलं. त्या वाटणात आमच्या माठातलं पाणी घालून गाळलं, त्यात पाच शहाळ्यांचं पाणी, घरातली लिंबं, साखर, मीठ. आणि सगळं आमच्या स्टीलच्या पातेल्यात. नियम मोडला की, असं मी म्हटल्यावर तिनं चमचा माझ्या तोंडात कोंबला. आधीच्यापेक्षा झकास झालं होतं. आजही आमच्याकडे सरबत तसंच होतं.

"पण ती घेणार न्हाय, आई."

"मग तसं तिनं तोंडानं सांगू दे. च्या पिऊन आलो म्हणून आज चालायचं न्हाय."

दोन कान दोघींनी धरून आम्ही पातेलं शेजारी नेलं. पाव्हणे सतरंजीवर बसले होते. आई नेहमी वर्गात बोलते तशीच बोलली.

"वहिनी, तुमच्या पातेल्याची कल्हई गेलीया. सरबत कळकलं, ओतून दिलं. हे आमच्या पातेल्यात केलंय. पाणी बी आमच्या माठातलं हाय. चालतंय का बघा, न्हाईतर परत नेतो."

सतरंजीवरच्या माना आमच्याकडे वळल्या. काकी पातेल्याकडे बघत राहिली. माझे हात भरून आले होते, पण तिनं सांगितल्याशिवाय मी पातेलं खाली ठेवणार नव्हते. मग तिनं पदर खोचला, फुलपात्र पातेल्यात बुडवलं आणि पाव्हण्यांच्याही आधी स्वतः प्याली. उभ्या उभ्या, सगळं.

"सहा वर्षं झाली," ती आईला म्हणाली, "हे मला कधी दिलं न्हाईसा."

आईला हसू आवरेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लिंबावर ढकललं. पाव्हण्यांनी दोन-दोन पेले घेतले आणि सुपारी फुटली.

पितळी पातेलं घासूनपुसून आईनं त्याच संध्याकाळी परत केलं. आमचं मात्र आठ दिवस झाले तरी आलं नाही. शेवटी एका सकाळी मी आणायला गेले. दारात नेहमीची रांग होती. आमचं पातेलं चौरंगावर, काठोकाठ दुधानं भरलेलं, बाबांचं नाव रांगेकडे केलेलं. काकी त्यातूनच मापानं दूध घालत होती आणि निम्मी पेठ ते घेत होती. मी तशीच माघारी आले.

"आणलं न्हाईस?" आईनं विचारलं.

"वापरात हाय," मी म्हटलं, आणि काय बघितलं ते सांगितलं.

बाबा ड्यूटीला निघायच्या तयारीत होते. त्यांनी खाकी शर्टाची बटणं लावली, टोपी नीट केली आणि घरात दूध असताना किटली घेऊन रांगेत जाऊन उभे राहिले.