साहेब येणार म्हणून

या सरकारी वसाहतीत आम्ही नवे होतो, तेव्हा मी एक भलताच शहाणपणा केला. तळमजल्यावरच्या आमच्या खोलीला ओल होती, थोरला रात्रभर खोकायचा, म्हणून वरची कोरडी खोली मागितली होती. साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर या बाईसाहेबांनी काय करावं? भिंतीला चुना फासला, ओलीवर लग्नातला शालू टांगला आणि साहेबांना शिरा खाऊ घातला. "खोली छान ठेवलीय," म्हणून ते गेले. वरची खोली गेली दुसऱ्यांना, आणि मी त्या कौतुकावर फुगून बसले.

आज समोरच्या खोलीत नुकतीच परगावाहून राहायला आलेली कविता भिंतीवरची बुरशी खरवडताना दिसली. तिचं तान्हं खोकत होतं. तिनंही वरची खोली मागितलीय आणि उद्या पाहणी आहे. कुणी येणार म्हटलं की आपले हात झाडूकडे का वळतात, कोण जाणे. दुखणं दाखवायला डॉक्टरकडे जातानासुद्धा आपण ठेवणीतलं पातळ नेसतो. ओल भिंतीला येते, मग लाज आपल्याला का वाटते?

मी जाऊन तिला शालूची गोष्ट सांगितली. ती खूप हसली, पण हात थांबले नाहीत.

"अगं, राहू दे ती बुरशी. दिसू दे त्यांना."

"पटतंय हो आजी," ती म्हणाली. "पण उद्या ते म्हणाले, या बाहेरून आलेल्यांना घरच नीट ठेवता येत नाही, तर?"