गोव्याच्या वाटेवरचे चढ

माझे वडील चालत गोव्याला जाणार, हे घरात ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. नकाशा आणायचं काम मात्र माझ्याच गळ्यात पडलं. मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते आणि मुंबईत काय वाट्टेल ते मिळतं, अशी वसईतल्या आमच्या वाडीची ठाम समजूत होती.

जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी संताच्या शवाचं दर्शन खुलं होतं. ऐंशीच्या दशकातली ती पाळी आली होती. गावातली माणसं बस ठरवत होती, वडील चालत जाणार होते, कारण त्यांचा नवस होता. लहानपणी मला पोलिओ झाला, डावा पाय लुळा पडला, तेव्हा ते बोलले होते की पोर चालली तर चालत दर्शनाला येईन. मी चालले. लंगडत का होईना, चालले. नवस तसाच राहिला. मागच्या पाळीला म्हणे केळींना पाणी द्यायला माणूस नव्हतं. आता वडिलांची साठी उलटली होती आणि पुढच्या पाळीचा भरवसा कोणी द्यावा?

फोर्टातल्या नकाशांच्या दुकानात मी किनाऱ्याचा मोठा नकाशा मागितला. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "किनारपट्टीचा तसा नकाशा पाहिजे तर सरकारची परवानगी आणा." मी काय शत्रूला आगबोट दाखवणार होते? शेवटी त्यानं पर्यटकांसाठीचा एक नकाशा दिला. त्यात मुंबईपासून पणजीपर्यंत एक लाल रेघ होती आणि अधूनमधून नारळाची झाडं काढलेली होती.

वडिलांनी तो ओटीवर पसरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यात चढ कुठे दाखवलेत?"

चढ दाखवले नव्हते. मग एसटी कुठे कुठे थांबते? तेही नव्हतं. सावली कुठून कुठपर्यंत? मी वैतागले. रात्री कुठे झोपणार, हे मी विचारत होते, आणि त्याची त्यांना फिकीरच नव्हती. "देवळात," म्हणाले. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात, आणि एका देवळाची घंटा विरते न विरते तोच पुढच्या गावातली ऐकू येते. थेट गोव्यापर्यंत असंच असणार, असं त्यांनी धरलेलं. पेणपासून महाडपर्यंत कोण घंटा वाजवणार होतं, देव जाणे.

पण मला खरा घोर लागला तो त्या चढांच्या प्रश्नानं. केळीचे घड खांद्यावरून वाहण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस चढाला कधीपासून भ्यायला लागला? एसटीचे थांबे याला कशाला हवेत? मन चिंती ते वैरी न चिंती. मला वाटलं, यांची छाती दुखते आणि हे आमच्यापासून लपवतायत. विहिरीवरून येताना ते थांबले की माझा जीव टांगणीला लागायचा. संध्याकाळी जपमाळ घेऊन रोजरी म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला की माझे मणी चुकायचे. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांनाच विचार." विचारायचा धीर होईना. खरं काय ते सांगितलं असतं तर?

म्हणून मी चढ शोधत राहिले. एसटीचं वेळापत्रक मिळवलं. वसई स्टँडवरच्या एका ड्रायव्हरनं कोकणात नोकरी केली होती, त्याला पकडून कुठला घाट किती लांब ते विचारलं. चर्चच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकेक गाव उतरवलं आणि चढ लाल पेन्सिलीनं रंगवले. कशेडी घाटाशी पेन्सिलीचं टोक मोडलं. तिथे वडील एकटेच रस्त्याकडेला बसलेत, असं चित्र डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी मी जवळच्या होळी गावात आत्याकडे गेले. ती वडिलांची थोरली बहीण, वडील तिच्यापासून काही लपवत नसत. ती पालकाच्या वाफ्यात बसली होती.

"छातीला काय धाड भरलीय त्याच्या?" ती हात न थांबवता म्हणाली. "चढ इचारतोय तो तुझ्यासाठी."

मला काही कळेना.

"नवस बोलला तेव्हा मी बाजूला होते गो. मी चालत येईन असा नाय बोलला. पोर चालली तर तिला चालवत तुझ्या पायाशी आणीन, असा बोलला. मागच्या वेळेला केळींचं निमित्त केलं. आता एकटाच जायचं म्हणतो, पण मन खातंय त्याचं."

परत येताना माझा पाय नेहमीपेक्षा जास्त ओढत होता. राग होता की रडू, मला सांगता येत नव्हतं. बहुधा दोन्ही.

वडील ओटीवर वाटेसाठी सुकेळी बांधत होते. सुकवलेली केळी पानात घट्ट गुंडाळायची, वरून केळीच्या सुक्या सोपटाचा बंद आवळायचा. मी समोर उभी राहिले.

"मला का नाही विचारलं?"

आत्यानं सांगितलं, हे त्यांना तेवढ्यानंच समजलं. त्यांनी गाठ मारली, ती सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली.

"इचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," ते म्हणाले. "आणि मग मी तुला नेली असती."

मी त्यांच्याशेजारी बसले. कॅलेंडर उलटं करून दोघांच्या मधे पसरलं. लाल खुणा मीच रंगवलेल्या, पण आता त्या माझ्या पायाला दिसत होत्या आणि मला भीती वाटली.

"कशेडी घाटात एसटीत बसलं तर नवस मोडतो का?" मी विचारलं.

वडिलांनी त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं, खालपासून वरपर्यंत, सावकाश.

"ते तिथे गेल्यावर त्या संतालाच इचारू," ते म्हणाले. "दोघं."