घेण्यासारखं होतं तेवढं

मामा गेल्याची बातमी मला ग्रुपवर कळली. मी एका मेळाव्याचं पत्रक तपासत बसले होते. तेवढ्यात फोनवर निळ्या चौकटीत मामांचा फोटो आला. खाली ओळ होती, ‘कालकथित प्रभाकरदादा, समतेचे झुंजार पाईक, ज्यांनी स्त्रीच्या आवाजाला आयुष्यभर व्यासपीठ दिले.’ माझ्या हातात लाल पेन होतं. खोट्या वाक्याखाली रेघ ओढायची सवय मला मामांनीच लावलेली, त्यामुळे पेन फोनच्या काचेपर्यंत गेलंसुद्धा... मग ते खाली ठेवलं, चप्पल घातली आणि निघाले.

आपल्याकडे माणसाबरोबर त्याचे दोषही जाळायची पद्धत आहे. मामांना ती मान्य नव्हती. वस्तीतल्या एका पुढाऱ्याच्या शोकसभेत लोक एकापेक्षा एक गोड बोलत असताना मामा उठले होते आणि म्हणाले होते, “मेला म्हणून खोटं कशाला बोलताय? ऐकायला त्यो न्हाय, आमी हाय की.” त्यांच्या त्या वाक्याच्या आधारानं मी हे लिहिते आहे. ज्यांना निळ्या चौकटीतला माणूस हवा असेल त्यांनी इथंच थांबावं.

माझं बालपण पत्रकांत गेलं. मामा साखर कारखान्यात वायरमन होते, पण खरा जीव पत्रकांत. रविवारी आमच्या घरी येत, जमिनीवर मांडी घालत, मजकूर सांगत आणि मी तो लिहून घेई. मला जोडाक्षरं नीट येत नव्हती तेव्हापासून. “रडगाणं नको लिहू. मागणी काय हाय ती लिही,” असं ते म्हणायचे. मी आज जे काही लिहिते त्यातली ताठ मान त्यांची आहे, हे मी कुणापुढेही कबूल करीन. त्यांच्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, नवरा गेल्यावर सासरचे घराबाहेर काढायला आले, तेव्हा दारात आडवा झालेला माणूसही हाच. पण दुसऱ्यांच्या दारात उभा राहणारा माणूस स्वतःच्या दाराच्या आत कसा वागतो, हे पत्रकात कधी छापून येत नाही.

सुलोचनामामी कबनूरच्या. मागांच्या खडखडाटात काम करणाऱ्या बायकांमध्ये वाढल्या, म्हणून गळा असा की माइकची गरज नाही. लग्नाआधी त्या जलशाच्या पथकात गायच्या. एका जयंतीला त्यांनी मागावर सूत घेऊन पळणाऱ्या धोट्याचं, स्वतः रचलेलं गाणं म्हटलं, ‘धोटा पळतो हिकडून तिकडं, माझा जलम त्येच्यासंग.’ मामा टेपरेकॉर्डर घेऊन पुढं बसले होते. गाण्याची पाच कडवी; दोन झाली आणि कॅसेटची बाजू संपली. ते गाणं ऐकून मामांनी मामींना मागणी घातली आणि लग्न झाल्यावर त्यांचं पथकात जाणं बंद केलं. ओरडून नाही, मारून नाही. “घर बघ. गाणं हाय की टेपवर,” एवढंच. त्यांचं एक तत्त्व होतं, एका वस्तूला एक काम. बल्बनं उजेड द्यावा, पंख्यानं वारा द्यावा. मामी कशात मोडतात हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. रोज दिवेलागणीला ते धोट्याचं गाणं लावायचे आणि आलेल्या पावण्यांना सांगायचे, “ह्यो आमच्या मंडळींचा आवाज.” त्या वेळी मंडळी आत भाकरी थापत असायची.

निवृत्तीनंतर त्यांनी साऱ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवल्या. कॉम्प्युटरला अॅम्प्लिफायर, त्याला दोन मोठे स्पीकर. मी मामींना त्यावर रेकॉर्डिंग करायला शिकवलं. लाल गोल दाबायचा, म्हणायचं, पुन्हा दाबायचा. इतक्या वर्षांत रोज दोनच कडवी कानावर पडून पुढची तीन त्यांच्या डोक्यातून पुसली गेली होती. पण आता ती परत यायला लागली. कधी भांडी घासताना अर्धी ओळ यायची, कधी धान्य निवडताना. आठवली की त्या ओल्या हातानं बाहेर यायच्या, मामांच्या खुर्चीत बसायच्या आणि लाल गोल दाबायच्या. एका हिवाळ्यात पाचही कडवी झाली. मला ऐकवली नाहीत. “थांब की, अजून दोन गाणी हायत डोक्यात. सगळं झालं की एकदम ऐकवते,” म्हणाल्या. साठीच्या बाईचा चेहरा तेव्हा पेपर सोपा गेलेल्या मुलीसारखा दिसत होता.

त्याच हिवाळ्यात मामांना कॉम्प्युटरचा आवाज घाण वाटायला लागला. आतला पंखा घरघरतो, गाण्याच्या मध्येच टुंग वाजतं, ऐन वेळी अपडेट सुरू होतं. या तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या. त्यांनी राजारामपुरीतल्या एका दुकानातून नेटवर्क प्लेअर बघायला आणला. वहीएवढा काळा डबा. गाणी कपाटातल्या डिस्कवर असतात, डबा ती वायफायवरून ओढतो आणि वाजवतो. त्यात पंखा नाही, कीबोर्ड नाही आणि माइक लावायला भोकही नाही. मी वाद घातला. म्हटलं, पंखा बदलू, टुंग बंद करू, बाहेरून एक चांगला डॅक जोडू, म्हणजे कॉम्प्युटरातल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी. तुमच्या काळ्या डब्याइतकंच स्वच्छ ऐकू येईल आणि घरात रेकॉर्डिंगही करता येईल. मामा म्हणाले, “दहा कामं करणारी वस्तू एक काम धड करत न्हाय.”

मी डॅक आणला आणि पैज लावली. मामा भिंतीकडं तोंड करून बसले. मी तेच गाणं एकदा कॉम्प्युटरवरून, एकदा डब्यावरून वाजवलं. डोळे मिटून, मान डोलवत मामांनी निकाल दिला, “पैला. पैला म्हंजे आवाज. दुसरा निव्वळ पत्रा.” पैला कॉम्प्युटर होता. क्रम उलटा केला तरी त्यांनी पुन्हा कॉम्प्युटरच निवडला. दारात उभ्या मामी पदर तोंडाला लावून हसल्या. तेवढंच... पण मामांनी ते पाहिलं. ते उठले, आपल्या खुर्चीकडं गेले, तिच्यावर सकाळपासून पडलेला मामींचा हेडफोन उचलून खिडकीत ठेवला आणि मला म्हणाले, “डबाच घ्यायचा.” त्या दिवशी मला कळलं की निवड आवाजाची नव्हतीच. खुर्चीत कोण बसणार याची होती.

डबा बसवताना मी विचारलं, “मामींची गाणी घेतली का डिस्कवर?” मामा म्हणाले, “घेतलं की सगळं.” कॉम्प्युटर वारणानगरच्या पुतण्याला देऊन टाकला. त्या संध्याकाळी डब्यावर मी मामींची गाणी शोधली. जुनं दोन कडव्यांचं होतं. बाकी काही नव्हतं. मी पुन्हा विचारल्यावर मामा नजर न वळवता म्हणाले, “घेण्यासारखं हुतं तेवढं घेतलं.” तेव्हा दोन शेजारी बसले होते. त्यांच्याकडं वळून मामांनी विनोद केला, “डब्यातली सुलोचना पंचविशीची हाय. ही साठीची. पावण्यांनो, तुमीच सांगा, कुणाला ऐकायचं?” पावणे हसले. मामी चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “साखर कुणाला कमी?”

दुसऱ्या दिवशी मी वारणानगर गाठलं. पुतण्यानं आल्या आल्या सारं पुसून गेम भरले होते. “त्यात काय न्हवतंच वो ताई, कुणीतरी म्हातारी गाणी म्हणत हुती,” तो म्हणाला.

त्यानंतर मी मामांशी बोलणं टाकलं. ते आजारी पडल्यावर जात राहिले, पण औषधाचं, जेवणाचं तेवढंच बोलायचे. शेवटी शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं. डब्याकडं बोट दाखवायचे आणि मामी गाणं लावायच्या. अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं मामींनी केलं. एकदा त्यांनी मामांच्या अंगाखाली हात घालून त्यांना उचललं तेव्हा डब्यातून त्यांचाच तरुण आवाज चालला होता, आणि मामा आपल्याला उचलणाऱ्या बाईकडं न बघता डब्याकडं बघत होते. मला तेव्हा त्यांची दया आली नाही. आजही येत नाही. दया आली असती तर बरं झालं असतं, कारण मला त्यांची आठवण मात्र रोज येते.

अभिवादन सभेत एक वक्ते म्हणाले की प्रभाकरदादांनी पत्नीचा आवाज काळाच्या तोंडातून वाचवला. टाळ्या पडल्या. मामी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनीही वाजवल्या.

परवा मी लॅपटॉप आणि माइक घेऊन गेले. मामांची खुर्ची रिकामीच होती. मामी तिच्यात बसल्या नाहीत, शेजारी जमिनीवर बसल्या. “आता माझा गळा कुठला ग,” म्हणाल्या, पण पदर सारखा केला, घसा खाकरला आणि धोट्याचं गाणं धरलं. गळा आहे. चिरलेला, जाड झालेला, पण असा की माझ्या अंगावर काटा आला. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. आणि दुसऱ्याच्या शेवटच्या शब्दावर, जिथं त्या जयंतीला कॅसेट संपली होती, तिथं मामी थांबल्या.

“पुढचं म्हणा की मामी.”

“पुढं न्हाय.”

“असं कसं? तीन कडवी आहेत. तुम्हीच रचलीत. त्या हिवाळ्यात म्हटली होती.”

मामींनी डोळे मिटले. ओठ हलले. हाताची बोटं मांडीवर धोट्यासारखी हिकडून तिकडं गेली. मी लाल गोल तसाच चालू ठेवला. बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, तेवढाच आवाज त्यात भरला गेला. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली.

“ऱ्हाऊ दे. दिवेलागण झाली. ह्यांचा टाइम झाला.”

त्यांनी माझा लॅपटॉप स्वतःच्या हातानं मिटला, उठल्या आणि डबा सुरू केला. कबनूरची ती मुलगी खोलीभर गायला लागली. मामी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. दोन कडवी झाली, आवाज तुटला.

“चांगली म्हणायची ती,” मामी म्हणाल्या, आणि आत भाकरी थापायला गेल्या.