रहाट आणि नांगर

क्रेन शिकायची की पोकलेन, हे माझ्या बाबतीत कुठल्या साहेबाने ठरवलं नाही, आमच्या घरच्या नांगराने ठरवलं. तो नांगर तेव्हा गोठ्याच्या आढ्याला टांगलेला होता आणि गोठ्यात भाडेकरूंच्या मोटारसायकली लागत होत्या. पण हुकूम त्याचाच चालू होता.

खडकवासल्याच्या रस्त्यावरचं आमचं गाव महापालिकेत गेलं तेव्हा मी शाळेत होते. बारावीनंतर एका बांधकाम कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये अप्रेंटिस म्हणून लागले. आम्ही मुली दोघीच होतो. दुसरीचं लग्न ठरलं आणि ती गेली. सुरुवातीला सगळ्यांना सगळ्या मशीनवर बसवत. मग प्रत्येकाने एक निवडायचं, टॉवर क्रेन नाहीतर पोकलेन, आणि एकदा सांगितलं की बदल नाही.

पोकलेनवर पहिल्यांदा बसले तेव्हाच माझा जीव तिच्यावर जडला. दोन हातांत दोन लिव्हर. बादलीचे दात जमिनीत शिरले की खाली मुरूम आहे, काळी माती आहे की दगड, ते लिव्हरमधून थेट तळहाताला कळतं. आमचे सर लष्करातून निवृत्त झालेले. ते कसबा पेठेतून मडकी आणायचे, मैदानात पुरायचे आणि न फोडता उकरून काढा म्हणायचे. बहुतेकांच्या नशिबी खापऱ्या यायच्या. माझं मडकं अख्खं निघालं. सर नुसतं ‘बरं’ म्हणाले. माणूस लष्करातला आणि त्यातून शनिवार पेठेतला, त्याच्या ‘बरं’पुढे कौतुकाची पायरीच नव्हती. मी मात्र घरी येईपर्यंत बसमध्ये एकटीच हसत होते.

त्या संध्याकाळी घरी सांगितलं की मी पोकलेन घेतेय. अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवत होते. हात धुऊन आले आणि म्हणाले, “बाईनं नांगराला हात लावायचा नसतोय.”

मी म्हटलं, अहो अण्णा, ते मशीन आहे.

“जिमीन फाडतंय न्हवं? मग नांगराचा बाप हाय त्यो.”

बाईने नांगर धरला तर त्या रानात पीक येत नाही, असं आमच्याकडे मानतात. आमची बहुतेक रानं तोवर विकून झाली होती आणि तिथे बिल्डरचं पीक जोमात आलं होतं. हे मी बोलूनही दाखवलं. आईने डोळे वटारले. मग मी रागानेच विचारलं, क्रेनचं काय, तीही बाटते का? अण्णांनी यावर विचार केला. अगदी मनापासून केला.

“क्रेन म्हंजी रहाट,” ते म्हणाले. “रहाट बाईनं वढल्याला चालतो. पानी शेंदतीच की बाई.”

मला हसू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. पण खरं सांगायचं तर हा माणूस माझ्यासाठी साऱ्या भावकीशी भांडला होता. पोरीला सिमेंटच्या धुरळ्यात पाठवतोस का, असं चुलत्यांनी तोंडावर विचारलं तेव्हा, तुमच्या पोरींना तुम्ही कुठं पाठवायचं ते बघा, असं त्यांना ठणकावून आला होता. एवढं केलंय, तर एक गोष्ट आपणही ऐकावी, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी क्रेन सांगितली. सर म्हणाले, विचार केलाय ना? मी हो म्हटलं. विचार झाला होता हे खरंच होतं, फक्त तो अण्णांनी केला होता.

आता मी बाणेरकडच्या एका साइटवर टॉवर क्रेन चालवते. सकाळी शिडीने वर जायचं, डबा वरच खायचा, खालचा सिग्नलमन वॉकीटॉकीवर सांगेल तसं उचलायचं, फिरवायचं, टेकवायचं. काम चांगलं आहे, मला ते नीट येतं. लोक खाली उभे राहून फोटो काढतात, नातेवाईक कौतुकाने म्हणतात की आमची पोरगी आभाळात काम करते. आभाळात हाताला काही लागत नाही, हे त्यांना काय सांगणार. सळया उचला नाहीतर विटा, काट्यावर नुसतं वजन दिसतं. मला माती हवी होती. रोज वर चढताना मला तिची आठवण येते आणि रोज मी गप्प चढते.

गेल्या वर्षी आमचा शेवटचा तुकडाही गेला. त्यात पणजोबांनी बांधलेली विहीर होती, ती बुजवायची होती. विहिरीच्या आत, वरून थोडं खाली, एका कोनाड्यात साती आसरांचे दगड होते. या पाण्याच्या देवता. विहीर बुजवायच्या आधी त्यांची ओटी भरायची, दहीभात दाखवायचा आणि दगड बाहेर काढून दुसऱ्या पाण्यावर नेऊन बसवायचे. आई आणि काकूने ओटी भरली. पण कडेचं बांधकाम इतकं ढिलं झालं होतं की आत उतरायची कुणाची छाती होईना. तेव्हा बिल्डरच्या पोकलेनवाल्याने, मी वरचे चार थर काढून देतो, म्हणून मशीन काठाशी आणलं.

मला सुट्टी होती, मी तिथेच होते. त्याने बादली सरळ वरून घातली. आधी भिंतीमागची माती बाजूने मोकळी करायला हवी होती, मग दगड एकेक करून हाताने उचलल्यासारखे आले असते. माझे तळहात आपोआप वळले. मी थांबा म्हणत पुढे झाले. अण्णांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. “मागं हो पोरी, अंगावर माती यील,” म्हणाले. मी मागे झाले. तेवढ्यात कोनाडा अख्ख्या कडेसकट आत गेला.

आसरा ढिगाखाली पाण्यात गेल्या. पोकलेनवाला कानाला हात लावून माफी मागत राहिला.

संध्याकाळी ते ओट्यावर बसून होते, चहाला शिवले नव्हते. मी जवळ गेले तसं माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू ते शिकली व्हतीस ना थोडं? खरं सांग. निगाले असते का गं दगड?”

मला ओरडून सांगावंसं वाटलं. सातही निघाले असते, अण्णा, एकाचाही टवका न उडता. पण ते माझ्या तोंडाकडे ज्या नजरेने बघायला लागले, ती मला सोसेना.

“नाही,” मी म्हणाले. “कुणालाच जमलं नसतं ते.”

“मग ठीक हाय,” ते म्हणाले, आणि आत जाऊन आईकडे चहा मागितला. त्यांनी माझं खरं मानलं. मला ते येत होतं, हे आता या घरात कुणाला कधीच कळणार नाही.